छावणीतलं वाचन

आत्याबाई, तुमची नात, माझी लेक, काल सासूच्या या घरी येऊन गेली. ती शिकवते त्या शाळेच्या मुली खो-खोत जिंकल्या. चहा पिताना सांगत होती, सराव झाला की ती मुलींना तेवढाच वेळ मोठ्यानं धडा वाचायला लावते. मला हसू आलं.

त्या दुष्काळात साखर कारखान्यानं जनावरांची छावणी उघडली, तेव्हा आपण दोन्ही म्हशी घेऊन तिथंच राहायला गेलो. तुमचा मुलगा जाऊन वर्षही झालं नव्हतं. पोरगी दहावीला. शाळा सुटली की मैदान, तिथून थेट छावणीत, गुडघे मातीनं भरलेले. जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली आणि दुसऱ्याच दिवशी चुलत भाऊजी चार माणसं घेऊन आले. "काकू, बाप न्हाई पोरीला. चड्डी घालून पळती, सारं गाव बघतंय. दहावीत नापास झाली म्हंजी? खेळ तरी बंद करा, न्हाईतर शाळा सोडून ऊसतोडीला धाडा." पोरगी दावणीपाशी मान खाली घालून उभी. मला तर कोण विचारत होतं?

तुम्ही म्हशीपुढं वैरण टाकत होता. मागं न बघताच म्हणालात, "जितका येळ पळंल, तितका येळ माज्यापुढं मोठ्यानं वाचंल. एक दिस चुकली तर मीच खेळ बंद करीन."

"तुमाला वाचता येतंय का, काकू?"

"न्हाई. पण ती थांबली तर कळतंय की!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी छावणीच्या दिव्याखाली तुमची शाळा भरायची. येणारे-जाणारे विचारायचे, "म्हशीला शिकवायलीस का गं?" तुम्ही म्हणायच्या, "म्हैस गप ऐकती तरी. तू दुसरीतूनच पळालतास." पोरगी हसायची आणि पुढं वाचायची. तिचं बोट ओळीवरून सरकायचं, माझी नजर त्या बोटामागं. माझी शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षरं तिथंच पुन्हा जुळत गेली. ती संघातून खेळली, दहावीही पास झाली. ते बघायला तिचे वडील हवे होते, असं अजून रोज वाटतं. पण दुपारी मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसते, तेव्हा जिवाला बरं वाटतं.

हा कागद कुठं धाडायचा नाही. वाचायच्या पुस्तकात खूण म्हणून राहील. एक मात्र तुम्ही होतात तोवर तुम्हाला कधी बोलले नाही. दुसऱ्या पानालाच तुम्ही घोरायला लागायच्या आणि पोरगी हळूच पुस्तक मिटायची. मीच म्हणायचे, "वाच, आत्याबाई जाग्या हायत." मला पुढचं ऐकायचं असायचं.