पालवी फुटेपर्यंत

आई, तू कायमची आगीत आहेस असं मी येत्या रविवारी चार माणसांत कबूल केलं, तर माझं जिच्यावर मन आहे ती मला मिळणार आहे. डोकं फिरल्यासारखं लिहितोय, चालवून घे. तिचं घर तलासरीला, हायवेच्या अलीकडे. तिचे वडील तरुणपणी येशूला मानायला लागले, आता सगळं घरच प्रार्थनेचं. बाप्तिस्मा घे म्हणाले, त्याला मी कधीचाच तयार होतो. तिच्यासाठी डहाणूच्या खाडीत रोज बुडी मारीन. पण परवा काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ओट्यावर बसवलं आणि शांतपणे विचारलं, "त्याला न मानता जे गेले त्यांना अनंतकाळची शिक्षा आहे, हे मान्य आहे ना?" मी म्हटलं, "आणि माझी आई?" "भली बाई असणार, पोरा. पण नियम माझा नाही." "मग ज्याचा आहे त्याला बोलवा बाहेर!" एवढ्या जोरात ओरडलो की ती आतून धावत आली. "बैल आहेस का? हळू बोल!"

मला शिक्षा माहीत नाही असं थोडंच आहे? तुझ्याच हातची खाल्लीय. घोलवडच्या नर्सरीत तू खिरणीच्या रोपांवर चिकूची कलमं बांधायचीस. शाळेत कुणाशी तरी भांडून मी तिथे आलोय, हात शिवशिवतायत, आणि तुझ्या रांगेतली कलमं वाळक्या काड्या समजून पिशव्यांतून उपटतोय. तू धावत येतेस. पाठीत एक धपाटा. "आजपासून या रांगेला पाणी तू घालायचं." मी रडत विचारतो, "किती दिवस?" तू उपटलेलं रोप परत मातीत दाबत म्हणतेस, "पालवी फुटेपर्यंत." मग मी डबा वाहतो, आणि जड बादली तुझ्या हातात. शिक्षा माझी, ऊन दोघांना. एका दुपारी तूच लांबून ओरडतेस, "अरे ये, बघ, सुटलास!" दोन पोपटी पानं. मी नाचलो नाही, तू नाचलीस. त्यानंतर दोन पावसाळ्यांत तू तापानं गेलीस. ज्या शिक्षेत कुणी कधीच "सुटलास" म्हणणार नाही, ती कुणाच्या भल्यासाठी? आणि ती आग पेटती ठेवायला कुणाला तरी जवळ बसावं लागत असेल ना? त्याच्या डोळ्यांत धूर जात नाही?

हे सगळं मी काकांना सांगितलं, तसंच, तावातावात. वाटलं आता हाकलतील. ते खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसून म्हणाले, "माझी आईपण तिथेच आहे, पोरा. नागलीची भाकरी मोडली की रोज आठवते. तुला काय वाटतं, मला हे गोड लागतं?" तिथे माझा राग मेला आणि भीती शिरली. एवढी वर्षं रडूनसुद्धा हा माणूस ते खरंच मानत असेल, तर ते खरं असलं तर?

ती मला सोडायला एसटी स्टँडपर्यंत आली. "नुसतं हो म्हण ना रे. आत काय आहे ते कोण बघतंय?" मी म्हटलं, "तुझा देव बघतो म्हणतेस ना?" ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "माझ्यासाठी पण नाही?" वापीचा एक मुलगा तिला बघून गेलाय. कंपनीत आहे, प्रार्थनेला नियमानं येतो. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला, चिकूचे खोके ट्रकवर चढवणारा. मी नाही म्हटलं की रविवारी संध्याकाळी त्याला होकार जाणार.

हा कागद टाकू कुठे? तुझा पत्ता मला माहीत नाही, आणि त्यांना माहीत असलेला मला मानवत नाही. खिशातच राहील, घामानं विरून जाईल. एक सांगायचं राहिलं. आज ट्रक भरताना आजूबाजूला कुणी नव्हतं, तेव्हा रविवारी म्हणायचं ते वाक्य मी हळूच म्हणून पाहिलं. जीभ भाजली नाही, आई.