कोरडा शिधा

शाहूपुरी, कोल्हापूर
शिमगा झाल्यावरचा शुक्रवार

प्रिय बंडू,

तुझी चिठ्ठी मिळाली. बेळगावचं कोर्टाचं काम आटोपलं, रविवारी नेहमीसारखा येतो, नानकटाई गरम ठेव, असं लिहिलंयस. वकील झालास, कोट-पगडी आली, पण नानकटाईचा नाद काय सुटला नाही तुझा. उलट निरोप तुझ्या गड्याबरोबरच धाडला असता, पण जे सांगायचंय ते दुसऱ्याच्या तोंडी घालण्यासारखं नाही. म्हणून बऱ्याच वर्षांनी हातात टाक धरलाय. अक्षराला हसू नकोस लेका, तुझ्याच पाटीवर बघून शिकलोय.

इकडं सगळं बरं आहे. अम्मीचे गुडघे धरलेत, पण तोंड काही धरलं नाही, दिवसभर भट्टीवरच्या माणसांना फैलावर घेत असते. तुझी आठवण काढते. तालमीतनं सुटलास की मागच्या बोळातनं आमच्या भट्टीत शिरायचास, सरपणाच्या ढिगावर बसून चार चार पाव हाणायचास, आणि चूळ भरून शिवाजी पेठेत घरी जायचास. तुझ्या आईला वाटायचं, पोराला मेहनतीनं भूकच लागत नाही. पाववाले पीठ पायानं तुडवतात, ताडी घालून फुगवतात, असं त्या माउलीला कुणीतरी सांगितलं होतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ज्याच्या त्याच्या घरची रीत. दोस्त मागच्या दारानं आला तरी दोस्तच, असं मी धरून चाललो होतो.

परवा गच्चीवरनं पन्हाळ्याच्या अंगाला धूर दिसला. नवं गवत चांगलं फुटतं म्हणून कुणीतरी काडी लावली असणार, दरसालचंच आहे. धूर बघितला आणि गेल्या सालचा वणवा आठवला. मसाईच्या पठारावरचं गवत पेटलं आणि वाऱ्यानं ती आग खालच्या धनगरवाड्यावर आणून घातली. झोपड्या गेल्या, मेंढरं वाघरीच्या जाळ्यात कोंडल्या जागी भाजली, माणसं ओढ्यात बसून जगली.

तुझं कौतुक करायला पाहिजे ते करतो. बातमी आली त्याच दिवशी तू पेढ्या-पेढ्यांवर फिरलास, जळीत सहायक मंडळी उभी केलीस, चिटणीस झालास. तांदूळ, डाळ, मीठ, गूळ, घोंगडी, सगळ्या गाड्या तू भरवल्यास. पण सगळं कोरडं. मी विचारलं तर म्हणालास, नबी, कोरड्या शिध्याला विटाळ नसतो, कुणीही द्यावा आणि कुणीही घ्यावा, शिजवलेलं दिलं की जात आडवी येते. बरोबर होतं ते. आम्हीही उरुसात हिंदू घरांना शिधाच देतो की. तरी मी म्हटलं, ज्यांची भांडी वितळली ती माणसं पहिल्या दिवशी शिजवणार कशात? म्हणून भट्टी सकाळ-संध्याकाळ पेटती ठेवली, गावातलं गिऱ्हाईक परत लावलं, आणि पावाची गाडी भरून तुमच्या गाड्यांच्या मागनं निघालो. तू मला वाटेत बघितलंस तेव्हा काही बोलला नाहीस. मला वाटलं, चाललंय.

वर पोचलो तर वारा घोंगावत होता आणि बांधाबांधावर निखारे फुलत होते. तू तिथं दुसरा हुकूम काढलास, की वारा पडेपर्यंत कुणी चूल पेटवायची नाही. तोही बरोबर होता, खोटं कशाला बोलू. एक ठिणगी उडाली असती तर उरलंसुरलं रान गेलं असतं. दोन्ही हुकूम तुझेच, दोन्ही शहाण्याचे. माणसाला तांदूळ द्यायचा आणि विस्तव द्यायचा नाही, एवढं दोन्ही मिळून होतंय, हे मात्र तुझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी जन्मभर भट्टीपुढं बसलोय. मी गाडीवरचं फडकं सोडायला लागलो तर तू हात धरलास.

आपलं तिथं जे भांडण झालं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, मर्दा, त्यांना विचार तरी. तू म्हणालास, "विचारलं तर भुकेपायी हो म्हणतील, आणि उद्या त्यांचीच जात त्यांना वाळीत टाकील. ते पाप मी माझ्या मंडळीवर घेणार नाही." संस्थानात महाराज जातीपातीवर काय बोलतात ते तूच मला वर्तमानपत्रातनं वाचून दाखवायचास, आणि मान पण तूच डोलवायचास. मी आडवा उभा राहिलो तर तुझ्या चार पोरांनी बैलांच्या वेसणी धरल्या आणि गाडी फिरवली.

तेवढ्यात धनगरवाड्यातली एक बाई आली. कमरेवर पोरगी, पोरीच्या भुवया जळलेल्या. गाडीपाशी थांबून तिनं तुला विचारलं, "पावणं, काय हाय गाडीत? लई चांगला वास सुटलाय."

तू म्हणालास, "काही नाही बाई. शिधा तिकडं मिळतोय. रांगेत जा."

ती गेली. मी बैलांपलीकडं होतो, मी ओरडलो, पाव हाय बाई, पाव, पण वाऱ्यात आणि तुझ्या पोरांच्या गलक्यात तिला ऐकू गेलं नाही. गाडी उताराला लागली तेव्हा तू मागनं आलास. सकाळपासनं उपाशी आहे म्हणालास. फडक्याखाली हात घातलास, पाव काढलास, आणि गाडीच्या आडोशाला उभा राहून खाल्लास. वर आणखी एक कोटाच्या खिशात घातलास. सवयीनं केलंस तू ते, मला माहीत आहे. तू एवढा भुकेला होतास की मी बघतोय हेही तुला दिसलं नाही.

पावसाळ्याआधी तुमच्या मंडळीचा सत्कार झाला. मी मागं उभा होतो. कुणाचाही धर्म न बुडवता आम्ही प्रत्येकाच्या मुखी घास घातला, असं तू बोललास आणि टाळ्या पडल्या. छान बोलतोस तू, लहानपणापासनं.

आता भट्टीवरची नवी बातमी. दिवाळीपासनं एक बाई आम्हाला सरपण आणून घालायची. नाव चिमणाबाई. मोळी टाकली की अम्मीपाशी घटकाभर टेकायची. तू बेळगावला गेलास त्यानंतर अम्मीनं तिला कामालाच ठेवून घेतलं, आता ती नानकटाई वळते, आणि हात असा साफ आहे की आमच्या जुन्या माणसांनी बघत बसावं. कामाच्या पहिल्या दिवशी अम्मीनं तिच्या हातावर गरम पाव ठेवला आणि विचारलं, आमच्या हातचं चालंल का गं, तुझी जात? तर म्हणाली, "जात बी मेंढरासंगं जळली की." आणि पाव नाकाशी धरून बसली. बराच वेळ खाईना. मग म्हणाली, ह्यो वास मला ठाव हाय.

मी तिला तेव्हा ओळखलं. तिनं मला नाही.

तिचा नवरा मेंढरं सोडवायला वाघरीत शिरला तो बाहेर आलाच नाही. पोरगी राहिली होती, झुंबर नाव. धुरानं आधीच अर्धी झालेली, आणि आईचं दूध धसक्यानं आटलेलं. तुझा तांदूळ चिमणाबाईनं रांगेत उभं राहून घेतला. चुली बंद, म्हणून ओढ्याच्या राखाळ पाण्यात भिजवला, दगडावर ठेचला आणि पोरीला चारला. पोरगी भुकेली होती, तिनं हावरेपणानं खाल्ला. पोट फुगून टम्म झालं. वारा पडला, तुझी माणसं चुली पेटवा म्हणून सांगत फिरली, तेव्हा चिमणाबाई पोरीला पुरून परत येत होती. बायकांनी तिला पानावर गरम भात वाढला आणि तिनं तो खाल्ला. भात मऊ झाला होता, असं ती सांगते. रडत नाही. नानकटाई वळता वळता सांगते.

त्या वासाचं पण तिनंच सांगितलं. भुकंनं नाकाला भास होत हुता, म्हणाली. सायबाला इचारलं तर त्यो म्हनला काय न्हाय, आणि एवढा तांदूळ देणारा माणूस खोटं कशाला बोलंल? मी पीठ चाळत होतो. चाळत राहिलो. आल्लाशपथ सांगतो बंडू, त्या घटकेला तू समोर असतास तर आपली तालमीतली कुस्ती पुन्हा झाली असती, आणि या खेपेला मी तुला चीत केल्यावर सोडलं नसतं.

आता हे पत्र का लिहितोय ते ऐक. अम्मीला माझ्या पोटातलं काही माहीत नाही. तिनं बोलता बोलता चिमणाबाईला सांगून टाकलं, की मंडळीचे वकीलसाहेब आमच्या नबीचे लंगोटीयार, रविवारी इथं येतात. तेव्हापासनं त्या बाईचं चित्त ठिकाणावर नाही. नारळ आणून ठेवलाय. तुझ्या शिध्यातला मूठभर तांदूळ तिनं फडक्यात बांधून सालभर जपलाय, तो तुझ्यावरनं ओवाळायचा आहे, आणि तुझ्या पाया पडून त्या वासाचं एकदा विचारायचं आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि माझ्या तोंडानं सांगणारही नाही. तेव्हा तू ये. मागच्या दाराला मी काल खिळे ठोकले. पुढच्या दारानं ये, तिच्या हातची गरम नानकटाई घे, आणि तिच्या देखत खा. खाताना ती विचारणार, सायेब, त्या दिशी गाडीत काय हुतं. ते तू सांग.

तुझाच, सरपणाच्या ढिगावरचा दोस्त,
नबीलाल