बाईंना काय म्हणून लिहू?

१२ फेब्रुवारी १९५८, कुरवंडे
शाळा सुटल्यावर धोंडूभाऊ आले. लोणावळ्यात ज्या बंगल्यावर ते बावीस वर्षं माळी आहेत, तिथले पारशी साहेब मुंबईला वारले. सगळं आता बाईंच्या हातात. त्या मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. ‘‘गुरुजी, इंग्रजीत लिवा. वाईट वाटलं म्हनावं. आन् आमची मागची खोली काडून घिऊ नगा म्हनावं.’’ गावात इंग्रजी फक्त मला येतं, हे मीच सांगत फिरलोय. हो म्हटलं.

१३ फेब्रु.
मजकूर झाला, मायना अडला. साहेबांना डियर सर लिहिलं की काम भागायचं. बाईंना काय? मिसेस म्हणजे आपलं सौ. आठ दिवसांपूर्वी कुंकू पुसलेल्या बाईला सौ. लिहू? आपल्यात गं. भा. तरी आहे, इंग्रजीत तसं काही सापडेना. नवरा नाही ती मिस, असं पुस्तकात आहे. मिस लिहिलं. भाऊंचा अंगठा घेतला, पत्र टाकलं. जरा ऐटीतच.

२१ फेब्रु.
बाईंच्या भाच्याचं उत्तर, टाइप केलेलं. मामींचं चाळीस वर्षांचं लग्न झालंच नव्हतं, असं सुचवायचंय का? अशा वेळी थट्टा करणारा माणूस नको. महिनाअखेर खोली रिकामी करावी.
थट्टा!
लोणावळ्याला जाऊन पोस्टमास्तरांना विचारलं. म्हणाले, ‘‘अहो, नवरा गेला तरी ती मिसेसच राहते.’’ मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ फेब्रु.
भाऊंना सांगितलं. ‘‘तुमी चांगल्यासाटीच लिवलं आसंल,’’ म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या बायकोनं, सोनामावशीनं, मलाच विचारलं, ‘‘आता कुटं जायाचं?’’ माझ्या शहाणपणानं यांचं घर जातंय.

२४ फेब्रु.
दुसरं पत्र. चूक माझी, भाऊंची नाही, आमच्यात सौ. कुणाला लिहितात, विधवेला का नाही, सगळं लिहिलं. पण वर काय? मिसेस आता टोमणा वाटेल. मॅडम फार कोरडं. पाच कागद फाडले.
भाऊ म्हणाले, ‘‘मी त्येस्नी बाई म्हनतो. तेच लिवा की.’’
डियर बाई. रजिस्टरनं पाठवलं.

२७ फेब्रु.
टपाल नाही. वर्गात लक्ष नाही, एकाला उगाच मारलं. संध्याकाळी बंगल्यावर गेलो. मावशीनं भांडी बांधलीत, चूल अजून तशीच. भाऊ गुलाबांना पाणी घालत होते. उद्या शेवटचा दिवस.

२८ फेब्रु.
आत्ता मावशी धापा टाकत शाळेत आली, लोणावळ्याहून चालत. ‘‘बाई सोता आल्यात. पत्र लिवनाऱ्याला बलवा म्हनत्यात.’’
‘‘रागात आहेत?’’
‘‘काय की. पत्र हातात हाय. रडत हुत्या.’’
मावशी दारात उभी आहे. निघतो. समोर गेल्यावर त्यांना काय म्हणायचं, ते अजून ठरत नाही.