परवान्यावरील ‘ची’ काढून टाकण्याबाबत

दि. १५ ऑक्टोबर २०२४

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
राज्य वैद्यकीय परवाना मंडळ

विषय : फिजिशियन असिस्टंटचा परवाना शेजारच्या राज्यातून आपल्या राज्यात वर्ग करण्याबाबत.
संदर्भ : आपली पत्रे दि. ११ जुलै, २ ऑगस्ट व ३० सप्टेंबर.

महोदय,

१. मी डबलट्री येथील दवाखान्यात एकोणीस वर्षे फिजिशियन असिस्टंट आहे. डॉक्टरांच्या सहकार्याने रुग्ण तपासणे, औषधे लिहून देणे आणि टाके घालणे हे माझे काम. जूनमधील गारपिटीत दवाखान्याचे छप्पर गेले. गावाने समोरची बंद पडलेली बँक दिली. आम्ही एका दुपारी तपासणीचे टेबल, वजनकाटा आणि शीतकपाट रस्त्यापलीकडे नेले. अंतर एकशे बारा फूट. रुग्ण तेच राहिले, राज्य बदलले. कारण रस्त्यावरची पिवळी रेघ हीच राज्याची हद्द आहे.

२. मी २४ जूनला सर्व कागदांसह अर्ज केला. माझ्या जुन्या परवान्यावर ‘फिजिशियनची असिस्टंट’ असे छापले आहे. त्यावर आपण कळवले की, ‘ज्या फिजिशियनच्या आपण आहात, त्यांचा ना-हरकत दाखला जोडावा.’ ही छपाईची चूक आहे असे मी आपल्या कार्यालयातील श्री. डार्विन यांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, “बाई, ‘ची’ म्हटलं की कुणाची तरी असणारच ना? उगीच कोण छापेल?”

३. जुन्या राज्याच्या कार्यालयाला दुरुस्ती मागितली. तेथील बाईंचे उत्तर शब्दशः असे : “आमच्याकडे सगळ्यांना ‘ची’च असते. बाप्यांनासुद्धा! आजवर एकानं तक्रार केली नाही.”

४. नाइलाजाने मी परवाना निघाला तेव्हाचे माझे सहकारी डॉ. एमेट सोल्हाइम यांच्याकडे गेले. ते निवृत्त असून येथून एकशे चाळीस मैलांवर तळ्याकाठी मासे धरतात. दाखल्याचा मजकूर ऐकून ते म्हणाले, “मर्ना, तू माझी कधी होतीस गं? अकरा वर्षं मीच तुला विचारून औषधं लिहीत होतो.” दुर्दैवाने त्यांनी हेच लिहून दिले. ३० सप्टेंबरच्या पत्रात आपण निष्कर्ष काढला की, डॉ. सोल्हाइम हे माझे असिस्टंट आहेत, सबब त्यांनी विनापरवाना काम केल्याचा खुलासा करून नव्याने अर्ज करावा. त्यांनी अर्ज भरला आहे. वय एक्याऐंशी. ‘पात्रता’ या रकान्यात त्यांनी ‘आज्ञाधारक’ असे लिहिले आहे. तो मी पाठवलेला नाही.

५. दरम्यान मला फक्त जुन्या राज्यात रुग्ण तपासता येतात. म्हणून मी हॉफर यांच्या धान्यकोठाराच्या आवारात ताडपत्रीखाली बसते. श्रीमती ओटिली हॉफर या आपल्या राज्यात राहतात. धान्याच्या ट्रकमधून वाट काढत त्या येतात तेव्हा त्यांचा रक्तदाब पूर्वीपेक्षा सरासरी बावीस अंकांनी जास्त भरतो. रस्ता ओलांडण्यापूर्वी तो मोजणे हा गुन्हा ठरेल. त्यामुळे हा रक्तदाब आजाराचा आहे की हद्दीचा, हे मला शास्त्रीयदृष्ट्या सांगता येत नाही. लसी शीतकपाटात, म्हणजे आपल्या राज्यात असतात. त्या आणण्यास मी जाऊ शकते. तेथे कुणी खोकल्यास मात्र मला मान वळवावी लागते.

६. ऑक्टोबरअखेर येथे बर्फ पडते आणि ताडपत्रीचा उपयोग संपतो. १ नोव्हेंबरपर्यंत परवाना न आल्यास दवाखाना बंद करण्याचा ठराव गावाने केला आहे. पुढचा दवाखाना चौऱ्याण्णव मैलांवर असून हिवाळ्यात वाटेतला घाट बंद असतो. गावात सहाशे बारा माणसे आहेत.

७. तरी विनंती की, ‘ची’ हे अक्षर छपाईचा दोष समजून परवाना वर्ग करावा. नियमानुसार ‘ची’ला मालक लागतच असल्यास ‘फिजिशियन’ काढून ‘डबलट्री’ घालावे. त्यासाठीचा गावाचा ना-हरकत दाखला जोडला आहे. सह्या दोन दिवसांत झाल्या. श्रीमती हॉफर यांनी सहीसमोर शेरा लिहिला आहे : “आमचीच आहे. आता पुढं काय ते बोला.” तो खोडण्यास त्यांनी नकार दिला. एकूण सह्या सहाशे अकरा. मुलांच्या वतीने पालकांनी केल्या आहेत. मी कोणाची, या प्रश्नात माझा हितसंबंध असल्याने मी सही केलेली नाही.

आपली नम्र
(‘आपली’ हे पत्राच्या रीतीप्रमाणे, त्यासाठी दाखला मागू नये),

मर्ना हॉकस्टेटर
डबलट्री

सोबत :
१) जुन्या परवान्याची प्रत
२) श्रीमती हॉफर यांच्या रक्तदाबाच्या नोंदी, ट्रकच्या संख्येसह
३) गावाचा ना-हरकत दाखला, पृष्ठे २१