बकेट जमिनीवर टेकवतोय, नाना

नाना,

तुमच्या तेराव्याला आपल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरची, खत-माती उचलायची बकेट पाव्हण्यांच्या चपलांवर येऊन बसली, तिथून माझं सगळं बदललं. तोवर मी नुसता रडत होतो. त्यानंतर पेटलो.

आज लिहितोय, कारण आत्ता बकेट वर आहे, खाली लाकूड नाही, आणि थोड्या वेळानं मी ती जमिनीवर टेकवणार आहे. तुम्ही जन्मात टेकवली नाहीत. परवानगी मागत नाहीये. फक्त सांगतोय.

चपलांवर कशी बसली म्हणाल? तुमचं ते बाभळीचं लाकूड, ज्याचा तुम्ही बकेटला टेका द्यायचात, ते आचाऱ्यानं बुंदीच्या कढईखाली घातलं! पंगत चालू होती. बकेट उचलून धरणारे तेलाचे सिलेंडर गळत होते आणि ती बया इंच इंच खाली येत होती. कुणाचं लक्षच नाही. हात धुऊन माणसं बाहेर आली, तर चपलांची अख्खी रांग बकेटखाली. आणि सगळ्यात पुढं कुणाच्या? निमगाव सावा गावच्या पल्लवीच्या वडलांच्या. हो, तीच पल्लवी, जिचं नाव मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. पण गावाला काय, सगळं कळतंच.

"नाना गेलं अन् ट्रॅक्टरनं बी मान टाकली, राव," कुणीतरी म्हणालं. पल्लवीचे वडील अनवाणी उभे. माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यो कॉलेज अर्ध्यात टाकून आला, अन् ह्यो डबा अर्ध्यात खाली आला. जोडी लई शोभतीय."

लोक हसले. तेराव्याच्या मांडवात हसले, नाना! आप्पासुद्धा गालात हसले. तुमचा सख्खा धाकटा भाऊ, माझा बाप! म्हणाले, "भंगारवाल्याला सांगतो, घिऊन जा म्हनून."

मी ओरडलो. कुठं काय बोलावं हे मला कधी कळलंय? "सकाळी वर केलेली बकेट संध्याकाळपर्यंत वरच थांबली तर?"

"तर ठिव," आप्पा म्हणाले. "न्हाई थांबली तर ट्रॅक्टर भंगारात अन् तू परत कॉलेजात. अन् ती पोरगी डोक्यातनं काढायची."

दुसऱ्याच दिवशी दोन्ही सिलेंडर उतरवले. तेल अडवणारी आतली रबरी सीलं पापडासारखी कडक झालेली. नवी बसवली. चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेलाचा ओघळ! परत सीलं आणली, परत तेच. आप्पा रोज येता-जाता विचारायचे, "काय कारभारी, गळतंय का आटलं?" एकदा मी पाना भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा पोपडा अजून तसाच आहे.

मग एका दुपारी सिलेंडरातनं आत-बाहेर सरकणारा रॉड पुसत होतो आणि चिंधीचे दोरे रॉडला अडकले. बोट फिरवलं. मांजराच्या जिभेसारखा खरखरीत! पण सगळा नव्हे. जो भाग कायम सिलेंडरच्या आत राहायचा तो आरशासारखा, आणि जो बाहेर उघडा राहायचा तोच खाल्लेला.

नाना, तो बाहेर कुणी ठेवला?

तुम्ही जू कधी जमिनीवर पडू दिलं नाहीत. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी तुमचा नियम तोच. "कामाची वस्तू मातीत लोळवायची न्हाई." म्हणून बकेट कायम वर. पण बकेट वर म्हणजे रॉड बाहेर! दवात, पावसात, शेणखताच्या वाफेत. गंजानं त्यात बारीक खड्डे पाडले आणि ते खड्डे प्रत्येक नवं सील कापत गेले. तुम्ही वर्षानुवर्षं सीलं बदलत राहिलात आणि सीलं विकणाऱ्याला शिव्या घालत राहिलात. तुमची मायाच खात होती हो त्या रॉडला!

तुम्ही समोर असता तर कडकडून भांडलो असतो. नाहीत, म्हणून आणखी चिडलो.

आळेफाट्याच्या टर्नरकडून रॉड घासून, नवं क्रोम चढवून आणले. सिलेंडर आतून घोटले. मधेच पल्लवीचा फोन. म्हणाली, "पप्पांच्या चपलांचं तेल जात नाही. रोज तुझं नाव निघतं घरात."

"चांगलं निघतं का?"

"निघतं तरी!"

एवढ्यावर मी दिवसभर उपाशी काम करू शकतो. हसू नका.

आज सकाळी बकेट वर केली, इंजिन बंद केलं. आप्पांनी बकेटखाली एक कामटी उभी केली, वर बोटभर फट ठेवून. बकेट उतरली तर कामटी दाबून धरणार. मी समोर बसून राहिलो. आई जेवायला हाका मारून थकली.

ऊन कलल्यावर आप्पा आले. पायानं कामटीला हळूच ढकललं. पडली! फट तशीच. त्यांनी रॉडवरून बोट फिरवलं, बोट कोरडं. बोट अंगठ्यावर घासून पाहिलं. मग म्हणाले, "भंगारवाल्याला नको म्हनून सांगतो. पोरीचं मातर तिचा बाप बघंल."

"बघू दे. मी बी बघतो," मी म्हणालो.

हे लिहिता लिहिता मघाशी उठलो आणि बकेट उतरवायचा लिव्हर ओढला. रॉड चमकत चमकत सगळा आत गेला. बकेट मातीला लागली तेव्हा काळजात चर्र झालं, खोटं कशाला बोलू?

पण वचन देतो. मी आहे तोवर हा ट्रॅक्टर भंगारात जाणार नाही. कॉलेजात मी परत जाणार नाही. आणि तुमचा नियम मी रोज संध्याकाळी मोडणार, तुमचीच वस्तू टिकावी म्हणून.

आता निमगावला निघतोय. पल्लवीच्या वडलांच्या ओट्याखाली चपला काढीन आणि तिला मागणी घालीन. हसले तर हसू देत.

उठलो. शेडच्या बाहेर आलोय. दार लावतोय, नाना.

तुमचं न ऐकणारा,
संकेत