बोगद्यात हात उचलला

आई, पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे, म्हणून डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो?

शहराची दोन टोकं जोडणाऱ्या या रस्त्यावर, बोगद्यांत आणि उड्डाणपुलांवर अडकलेल्या गाड्या ओढून नेणं माझं काम. सोमवारी दुपारी बोगद्यात दोन गाड्या घासल्या. क्रेन घेऊन पोचलो, तर एक धिप्पाड माणूस म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला लोखंडी पान्याने बडवत होता. मी मध्ये पडलो आणि घाव माझ्या मनगटावर बसला. मग मी डाव्या हाताने पाना हिसकावला आणि त्यालाच हाणला. तो कोसळला, त्याने हात जोडले, तरी मी मारतच राहिलो. शेवटी रक्ताने माखलेल्या टॅक्सीवाल्यानेच माझे पाय धरले. "बास कर रे, मरेल तो!"

तो वाचला. पोलिसांनी जबाब घेऊन मला सोडलं. साहेबांनी तर शाबासकी दिली.

पण आई, बाबा मारायचे तेव्हा तूही असेच हात जोडायचीस. मी दाराआडून बघायचो.

मुलीकडच्यांना इतक्यात होकार कळवू नकोस.

तुझाच,
धाकटा