तेरा बोल्ट

अल नस्र, दोहा
रविवार

प्रिय हमीदचाचा,

सलाम. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर पडू द्या, पण पत्र फाडू नका. बातमीच तशी आहे. ती पिस्ता रंगाची शेवरोले पिकअप, ७८ सालची, जिच्यापायी तुम्हाला दोहा सोडावं लागलं, ती परत आपल्या गॅरेजमध्ये आली आहे. अल गराफाचा तो म्हातारा मालक गेल्या वर्षी वारला. त्याचा मुलगा जैद तिला टोचन लावून घेऊन आला. बापासारखा तापट नाही हा, निवांत माणूस. त्याला गाडी कारखान्यातून निघाली होती तशी करून हवी आहे, म्हणून त्याने मला एवढंच विचारलं, की हिच्यात मुळात कुठला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता? नेमका हाच प्रश्न, आणि नेमका मलाच!

गाडी वर चढवली आणि तुमच्यासारखाच, पान्याला हात न लावता, आधी नुसता बघत उभा राहिलो. गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या पॅनवर वाळू आणि तेल मुरून पाटवडीसारखा थर बसला होता. तो खरवडला, डिझेलने धुतला. बोल्ट मोजले, तेरा. पॅन चौकोनी, एक कोपरा छाटलेला. बाजूला किकडाउनची केबल, पेडल पूर्ण दाबलं की गिअर खाली उतरवणारी. म्हणजे हा तीनशे पन्नास नंबरचा बॉक्स, धाकटा. थोरल्या चारशेलाही बोल्ट तेराच, पण त्याचा पॅन वेडावाकडा आणि केबलच्या जागी विजेची वायर. आज हे मी डोळे मिटून सांगतो. पण आत्ता काय बसलंय ते कळलं म्हणून मुळात काय होतं ते थोडंच कळतं? डोक्यात किडा वळवळायला लागला. तीन दिवस जेवतानासुद्धा तोच विचार.

त्या वेळी जॉबकार्ड मी भरलं होतं, आठवतं ना? गाडी आली तेव्हा 'चारशे' असं माझ्याच हाताने लिहिलं. तुम्ही बॉक्स उतरवून दुरुस्त केलात, बसवलात, गाडी गेली. दोन महिन्यांनी म्हातारा ओरडतच आला, की दुसऱ्या गॅरेजवाल्याने आत तीनशे पन्नास आहे म्हणून सांगितलं. फोरमनने कार्ड काढलं. महागडा थोरला बॉक्स चोरून धाकटा घातला, असा आळ तुमच्यावर आला. होता तोच बसवलाय, याच्यापलीकडे तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला विचारलं तेव्हा मी छाती काढून सांगितलं, की तेरा बोल्ट मी स्वतः मोजलेत. पंधरा दिवसांत तुमचा व्हिसा रद्द झाला.

चाचा, तुम्ही मला पॅन ओळखायला शिकवत होतात, तेव्हा तेरा बोल्ट म्हणजे चारशे एवढं ऐकूनच मी 'खलास, कळलं' म्हणत उठलो होतो. तुम्ही आकाराचं सांगत होतात, मी हात धुवायला निघालो होतो. धाकट्यालाही तेराच असतात हे मला चार वर्षांनी दुसऱ्या एका गाडीखाली कळलं. तरी गप्प बसलो. कदाचित ती खरंच चारशे असेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. लाज वाटते सांगायला, पण तुम्ही चोर असलात तर मला सोयीचं होतं.

गुरुवारी तारेच्या ब्रशने बॉक्सचं अंग घासत होतो. डावीकडे कारखान्यात ठोकलेले आकडे वर आले. पुसले, टॉर्च मारला, कागदावर उतरवले आणि पुढच्या काचेखालच्या चासी नंबरच्या पट्टीशी ताडून पाहिले. शेवटचे सहाच्या सहा आकडे जुळले! कारखान्यातून निघाला तोच बॉक्स, तुम्ही उतरवलात तो, तुम्ही परत बसवलात तो. मी गाडीखालीच मांडी घालून बसलो आणि रडलो. फोरमनला बोलावून दोन्ही नंबर दाखवले. तो 'खलास' म्हणून निघून गेला. त्याचं झालं असेल खलास. जैदला मात्र मी सगळं सांगितलं. बापाच्या वतीने माफी मागायची म्हणून त्याने तुमचा फोन नंबर घेतला आहे.

तुमचा पुतण्या काशिफ परवा भेटला. म्हणाला, गावी गेल्यापासून चाचांनी पाना हातात घेतला नाही, मासळीचा टेम्पो चालवतात. तुमच्या मुनीराला शाळेत बापावरून पोरं बोलायची, हेही त्याच्याकडूनच कळलं. फोनवर हे सांगायचं धाडस झालं नाही, आणि फोनवरचं बोलणं चारचौघांना दाखवताही येत नाही, म्हणून हा कागद. सोबत दोन्ही नंबरांचे फोटो आहेत. मला माफ करा असं म्हणायचा हक्क मला नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एक करा. मुनीराला हे पत्र पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सांगा. चोरी झालीच नव्हती, मोजणारा चुकला होता, आणि त्याचं नाव खाली लिहिलं आहे. वाचताना दार उघडं ठेवा, शेजारच्यांनाही ऐकू जाऊ दे.

तुमचाच,
शहाजी